गोटा, लाकडी बैल आणि रबरी चेंडू

श्रावण सरत आला की मध्य प्रदेशातील आपल्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा शेजारी हिंदी भाषक असतो. प्रश्नात कुतूहल असते, थोडी थट्टाही असते. 'तुमच्या पांढुर्ण्याला माणसे खरेच एकमेकांना दगड मारतात का?' इंदूर, भोपाळ, जबलपूर येथे स्थिरावलेली मंडळी बहुधा 'ते लोक वेगळे' असे म्हणून विषय बदलतात. पांढुर्णा-सौंसरकडची मंडळी 'ती आमची परंपरा आहे' असे म्हणून विषय संपवतात. प्रस्तुत लेखकाचे आजोळ सौंसर तालुक्यातले आणि नोकरी बाहेरगावची. त्यामुळे ही दोन्ही उत्तरे त्याने वेळोवेळी दिलेली आहेत. दोन्ही उत्तरांत विचार टाळण्याचीच सोय आहे, हे उशिरा ध्यानात आले. त्या उशिराची भरपाई म्हणून हा लेख.

गोटमारीचे स्वरूप वाचकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात मांडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि त्यावर झेंडा बांधला जातो. पूजा होते. मग दोन्ही तीरांवरून दगडफेक सुरू होते आणि ती दिवसभर चालते. ज्या बाजूचा गडी झाडापर्यंत पोहोचून झेंडा तोडून आणील ती बाजू जिंकली. सायंकाळपर्यंत निकाल लागला नाही तर समेट होतो. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात नेतात. एका दिवसात शेकडो माणसे जखमी होतात. १९५५ पासूनचे मृत्यू वर्तमानपत्रे दरवर्षी मोजून छापतात आणि तो आकडा केव्हाच दहाच्या पुढे गेला आहे. १९७८ आणि १९८७ या वर्षी तर जमाव आवरण्यासाठी पोलिसांना गोळीबार करावा लागला. म्हणजे जो खेळ थांबवायचा, त्याच्या बंदोबस्तातही माणसे मेली.

या विषयावर बोलताना आपण ज्या शब्दांचा आधार घेतो, त्यांचे परीक्षण करावे, एवढाच येथे हेतू आहे. गोटमारीभोवती तीन संहिता आहेत असे मानू. पहिली आख्यायिकेची, दुसरी सरकारी आदेशाची आणि तिसरी वर्तमानपत्री बातमीची. साहित्याचा वाचक या नात्याने तिन्ही नीट वाचल्या, तर 'लोक बदलाला विरोध करतात' या सर्वमान्य निदानात कितपत तथ्य आहे ते कळेल.

आख्यायिका अशी. पांढुर्ण्याच्या एका मुलाचे सावरगावच्या एका मुलीवर प्रेम बसले. घरच्यांचा विरोध होता. मुलाने मुलीला घेऊन पहाटे नदी ओलांडायला घेतली. दोघे पात्राच्या मध्यावर असताना सावरगावकरांना सुगावा लागला आणि त्यांनी दगड मारायला सुरुवात केली. ते पाहून पांढुर्णेकरांनी उलट दगड मारले. या भडिमारात दोघेही नदीतच मरण पावले. मग दोन्ही गावांना आपल्या कृत्याची लाज वाटली. त्यांनी दोन्ही देह चंडीमातेपुढे नेऊन ठेवले, पूजा केली आणि अंत्यसंस्कार केले. पांढुर्ण्याच्या लोकांनी दोघांना सुखरूप बाहेर काढले, असाही एक पाठ सांगितला जातो. भोसल्यांच्या सैन्याच्या सरावातून हा खेळ निघाला, अशी एक अगदी वेगळी हकीकतही आहे. तथापि लोकांच्या मनात घट्ट बसला आहे तो पहिला पाठ, आणि पळसाचे झाड म्हणजे ती मुलगी असे मानणारेही पुष्कळ आहेत.

आता ही कथा कथा म्हणून वाचा. तिच्यात गुन्हा कोणता? दगड मारणे. गुन्हेगार कोण? दोन्ही तीर. कथेचा शेवट कशात आहे? पश्चात्तापात. ज्या कोणा अनाम कथाकाराने ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्याने शौर्याची कथा सांगितलेली नाही. त्याने दोन गावांच्या माथी असलेल्या कलंकाची कथा सांगितली आहे. आणि आपण वर्षानुवर्षे काय करतो? कथेतला गुन्हा पूर्ण तपशिलासह, दिवसभर, हजारोंच्या साक्षीने पुन्हा घडवतो; आणि कथेतला पश्चात्ताप संध्याकाळी देवळात झेंडा नेण्याच्या धावपळीत उरकून टाकतो. मूळ कथेत दोन देह देवीपुढे गेले होते. आज तेथे जिंकलेला झेंडा जातो. शोकाच्या जागी विजय आला, आणि हा बदल कोणाच्याही विरोधाशिवाय आला. परंपरा बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी या एका बदलाचा जरूर विचार करावा.

आणखी एक गोष्ट टोचते. या कथेतल्या मुलीला नाव नाही, मुलालाही नाही. गावांची नावे आहेत, नदीचे आहे, देवीचे आहे. ज्यांच्यासाठी एवढे रक्त सांडल्याचे सांगतात ते दोघे मात्र निनावी. नाव नसलेल्या माणसाचा शोक करता येत नाही. त्याचे फार तर निशाण करता येते.

दुसरी संहिता सरकारी आदेशाची. पोळा जवळ आला की शांतता समितीची बैठक होते, जमावबंदीचा हुकूम निघतो, गोफणीवर बंदी येते, दारूची दुकाने बंद होतात. पूर्वी हा हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता अमलात आली आणि त्याच हुकुमाचे कलम १६३ झाले. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. पूर्वी छिंदवाड्याहून येणारा हुकूम आता गावातूनच निघतो. कलम बदलले, जिल्हा बदलला, गोटा तोच राहिला.

या आदेशाची भाषा हिंदी आहे, हे १ नोव्हेंबर १९५६ नंतर स्वाभाविकच आहे. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाड्याची ही मराठी पट्टी मध्य प्रदेशातच राहिली. पण त्या हिंदी आदेशातही एक शब्द मराठीच राहतो: 'गोटमार'. हिंदीत गोटा म्हणजे कपड्याची जरीची किनार, आपल्याकडे गोटा म्हणजे दगड. शासनाला या खेळाचे नावसुद्धा भाषांतरित करता आलेले नाही, मग अर्थ समजून घेण्याची गोष्ट दूरच राहिली. आदेशाच्या लेखी गोटमार हा कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न आहे. तो तसा आहेच, पण तेवढाच नाही. त्या अपुऱ्या वाचनातून जो उपाय निघाला तो म्हणजे रबरी चेंडू.

प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. कल्पना वरवर निर्दोष होती: झाड राहील, झेंडा राहील, दोन तीर राहतील, फेकणेही राहील, फक्त डोके फुटणार नाही. लोकांनी थोडा वेळ चेंडू फेकले आणि पुन्हा दगड हाती घेतले. तेव्हापासून हा प्रसंग 'अडाणी लोक सुधारणा स्वीकारत नाहीत' याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला हा निष्कर्ष मान्य नाही.

कारण त्याच दिवशी, तेथून शंभरेक किलोमीटरच्या आत, काय चालते ते पाहा. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपूर-विदर्भातला तान्हा पोळा. लहान मुले लाकडी बैलांना झूल घालून, तोरणाखाली उभे करून, घरोघरी फिरवतात. खऱ्या बैलाच्या जागी लाकडी बैल आला आणि तो बैलच मानला गेला. त्याला ओवाळतात, मुलाच्या हातावर बोजारा ठेवतात. कोणीही म्हणत नाही की हा खोटा पोळा आहे. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेली ही मिरवणूक. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, ज्याचा म्हणून शहराला राग येतो त्याचे बडगे करतात, त्यांना शिव्याशाप देत वेशीबाहेर नेतात आणि जाळतात. राग खरा, माणूस मात्र कागदाबांबूचा. म्हणजे एकाच संस्कृतीत, एकाच तिथीला, प्रतीकाने काम भागवण्याची दोन उत्तम उदाहरणे उभी आहेत. ज्या समाजाला लाकडाचा बैल आणि कागदाचा शत्रू पटतो, त्याला रबराचा दगडच का पटला नाही?

माझ्या मते याचे उत्तर असे. लाकडी बैलाने खऱ्या बैलाचा अर्थ वाहून नेला. कृतज्ञता बैलाबद्दलची होती. ती लाकडावर उतरली आणि मुलांच्या हाती आल्याने उलट वाढली. मारबतीने रागाला तोंड दिले, दिशा दिली. रबरी चेंडूने मात्र गोट्याचा अर्थ वाहून नेला नाही, फक्त त्याची इजा काढून घेतली. गोटमार खेळणाऱ्याच्या दृष्टीने त्या इजेतच अर्थ आहे. ज्या पात्रात कोणी मेले त्या पात्रात मी स्वतःला धोक्यात घालतो, ही त्याची भावना. तिच्याशी आपले मतभेद असतील, माझे तर तीव्र आहेत. पण तिला उत्तर द्यायचे तर तिच्याच तोलाचे काही पुढे ठेवायला हवे. पोत्यातून आणलेले चेंडू त्या तोलाचे नव्हते. ते पाहून खेळणाऱ्याला एवढेच वाटले असेल की आपल्याला पोर समजत आहेत.

आपल्या इतिहासात बदल कसा रुजला याची दोन उदाहरणे येथे आठवतात. छापखाना आला तेव्हा शाईत जनावराची चरबी असते म्हणून छापील ग्रंथाला हात न लावणारे लोक मुंबईत होते. गणपत कृष्णाजींनी त्यांची थट्टा केली नाही की सरकारी हुकूम मागितला नाही. त्यांनी तुपाची शाई केली आणि १८३१ साली पंचांग छापले. आक्षेप विटाळाचा होता, उत्तरही शुचितेच्या भाषेत दिले गेले. ज्यांना छापील अक्षराचे वावडे होते त्यांच्याच घरात छापील पंचांग गेले. दुसरे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे. लोखंडाने जमिनीत विष भिनेल असे शेतकरी म्हणत आणि सुरुवातीला नांगर खपत नव्हते. येथे तुपाची शाई चालणार नव्हती. नांगर शेतात चालवून दाखवावा लागला, पिकाने साक्ष द्यावी लागली, आणि त्याला वेळ द्यावा लागला. एकाने श्रद्धेला श्रद्धेच्या भाषेत उत्तर दिले, दुसऱ्याने अनुभवाला अनुभवाने. रबरी चेंडूमागे श्रद्धेचा विचारही नव्हता आणि वेळ देण्याची तयारीही नव्हती.

पांढुर्णा-सौंसरचा शेतकरी बदलाला घाबरतो, असे तर मुळीच म्हणता येणार नाही. संत्र्याच्या बागांना ठिबक सिंचन याच लोकांनी केले. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला आणि आता पोळ्याला ट्रॅक्टरलाही हळदकुंकू लागते. मोबाइल तर गोटमारीच्या ऐन गर्दीत हात वर करून उभा असतो. ज्यांनी एवढे स्वीकारले ते स्वभावतः बदलविरोधी कसे? माणूस बदलाला सरसकट विरोध करीत नाही. जो बदल आपल्याला विचारात न घेता आपल्यावर केला जातो, त्याला विरोध करतो. धोरण आखणाऱ्यांनी हा फरक न ओळखल्याने दोष नेहमी लोकांच्या माथी जातो आणि धोरण निर्दोष सुटते.

तिसरी संहिता बातमीची. तिचा साचा ठरलेला आहे: झेंडा कोणी तोडला, जखमी किती, गंभीर किती, किती जणांना नागपूरला हलवले. अलीकडे तिच्यात ड्रोन, सीसीटीव्ही कॅमेरे, रुग्णवाहिका आणि तंबूतल्या डॉक्टरांची संख्या यांची भर पडली आहे. या तंत्रज्ञानाबद्दल थोडे परखड बोलले पाहिजे. रुग्णवाहिका असावी, याबद्दल दुमत नाही. तिच्यामुळे जीव वाचले असतील. पण ज्या दिवसाच्या पूर्वतयारीत टाके घालण्याची सामग्री मोजून ठेवली जाते, त्या दिवशी डोकी फुटणार हे शासनाने मान्य केलेले असते. कागदावर बंदी आणि मैदानावर व्यवस्था, असा हा दुहेरी व्यवहार आहे. आकाशातला ड्रोन दगड मारणाऱ्याचा चेहरा टिपतो, पण दगडाला थांबवीत नाही. उलट उंचावरून घेतलेले चित्र खेळाला एक नवी भव्यता देते. पूर्वी झेंडा तोडणाऱ्याचे नाव दोन गावांत गाजे, आता ते चित्रफितीने देशभर जाते. तंत्रज्ञान आपल्याकडे परंपरेचा शत्रू म्हणून येते असा समज आहे. येथे ते परंपरेतल्या सर्वात क्रूर भागाचे चाकर झाले आहे.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नदीत उतरणारे बहुतांशी कष्टकरी तरुण आहेत. त्यांच्या जखमांवर शहरात बसून लिहिणे सोपे आहे. आपल्या सुशिक्षित वस्त्यांत गणेशोत्सवात कानठळ्या बसवणारे आवाज चालतात, त्याने म्हातारी माणसे हैराण होतात, आणि तेथे आपणही 'परंपरा' हाच शब्द वापरतो. मग पांढुर्ण्यालाच शहाणपण का शिकवायचे? मला या आक्षेपाचे पुरते उत्तर देता येत नाही. एवढेच म्हणतो की दुसऱ्याचा दोष दाखवून आपला दोष पुसला जात नाही. आणि ज्या घरातला मुलगा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी परत आला नाही, त्या घराला या वादात कोणी बोलावीत नाही. परंपरेच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत, कायद्याच्या बाजूने बोलणारेही आहेत. त्या घराच्या बाजूने बोलणारी चौथी संहिता मात्र अद्याप लिहिली गेलेली नाही.

दूरचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात देवीधुरा येथे राखीपौर्णिमेला बग्वाल नावाचा दगडफेकीचा विधी होतो. तेथील कथा सांगते की पूर्वी देवीला आळीपाळीने नरबळी दिला जाई. एका वृद्धेच्या एकुलत्या नातवाची पाळी आली तेव्हा तिने देवीची करुणा भाकली आणि बळीऐवजी दगडफेकीत तेवढेच रक्त सांडावे असे ठरले. म्हणजे तेथे दगड हीच मुळात सुधारणा होती, एका आजीच्या दुःखातून आलेली. २०१३ साली उच्च न्यायालयाने दगडांना मनाई केल्यावर तेथे फळे आणि फुले फेकली जाऊ लागली. दगड पूर्ण थांबले असे नाही, माणसे अजूनही जखमी होतात. पण फळफुलांना तेथे थोडी तरी जागा मिळाली, कारण फळ आणि फूल देवीला वाहता येते. रबरी चेंडू कोणत्या देवीला वाहणार?

मग पांढुर्ण्यात काय करता येईल? हुकूम काढण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि तो असता तरी उपयोग झाला नसता. पण कथा हे आपले क्षेत्र आहे. साहित्य मंडळे, भजनी मंडळे, दंडार करणारे कलावंत, शाळांतले मराठी शिक्षक यांनी एवढे तरी करावे की ही आख्यायिका शेवटपर्यंत सांगावी. नदीच्या मध्यावर ती थांबवू नये. दोन देह देवीपुढे ठेवले गेले तेथपर्यंत न्यावी. दोन्ही गावांनी त्या दिवशी सकाळी प्रथम त्या दोघांना श्रद्धांजली वाहावी; पळसाचे झाड दोन्ही तीरांनी मिळून चंडीमातेकडे न्यावे, जसे समेट झाल्यावर आजही नेतात. समेट हा या खेळाच्या नियमांतच आहे. तो सायंकाळऐवजी सकाळी व्हावा, एवढीच मागणी आहे. ही सुधारणा बाहेरून आणावी लागत नाही. ती कथेत आणि रिवाजात आधीच आहे, कोणीतरी ती वाचून दाखवायला हवी.

हे एका वर्षात होणार नाही. पहिल्या वर्षी कदाचित पाच-पन्नास माणसे त्या सकाळच्या श्रद्धांजलीला येतील आणि दुपारी तीच माणसे नदीत उतरतील. तरीही मी त्याला अपयश म्हणणार नाही. ज्या लोकांनी लाकडाला बैल मानले, ती आपलीच माणसे आहेत. त्यांच्या कल्पकतेवर शासनाने विश्वास ठेवला नाही, आपण तरी ठेवावा. आणि पुढच्या श्रावणाच्या अखेरीस शेजाऱ्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर विषय न बदलता त्याला ती गोष्ट सांगावी, अगदी शेवटपर्यंत.